साठ लाखांचा रिसेल फ्लॅट: घेताना, ठेवताना, विकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुणे महापालिका हद्दीत साठ लाखांच्या आसपासचा, दहा-बारा वर्षं जुना टू बीएचके रिसेलमध्ये घ्यायचा, पाच वर्षं भाड्याने द्यायचा आणि मग विकायचा. हिशेब जमतो का, काय तपासायचं, कुठे फसायला होतं आणि थोडं कर्ज काढावं का?

हिशेबापासून सुरू करू, कारण बहुतेक जण तोच शेवटी करतात.

किंमत ६० लाख. मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का आणि मेट्रोचा अधिभार १ टक्का, म्हणजे एकूण ७ टक्के: ४.२० लाख. नोंदणी फी १ टक्का असली तरी तिला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. दलाली १ टक्का धरली तर ६०,०००. वकिलाचे २०,०००. सोसायटी हस्तांतराचे साधारण २६,०००. रंग, प्लंबिंग, ओट्याची दुरुस्ती, दोन गळके नळ आणि एक गळकी भिंत मिळून दीड लाख. बेरीज ६७.०६ लाख. विकताना पुन्हा १ टक्का दलाली जाते. म्हणजे फ्लॅट ६७.७४ लाखांना विकला गेला, तर तुमचे पैसे जेमतेम परत आले. भाव जवळजवळ १३ टक्के वाढूनही हातात शून्य.

आता पाच वर्षांचं चित्र. भाव दरवर्षी ६ टक्के वाढला असं धरलं तर विक्री ८०.२९ लाखांना होते. दलाली वजा जाता ७९.४९. खरेदी किंमत, मुद्रांक, नोंदणी, दलाली आणि वकील हा खर्च ६५.३० लाख धरला तर भांडवली नफा १४.१९ लाख. त्यावर १२.५ टक्के कर आणि ४ टक्के उपकर, म्हणजे १.८४ लाख. हातात ७७.६५ लाख. भाडं महिना १८,००० धरा. वर्षातला एक महिना रिकामा, मेंटेनन्स महिना ३,०००, मिळकतकर आणि किरकोळ दुरुस्त्या काढल्या की वर्षाला १.३० लाखांच्या आसपास उरतात, तेही त्यावरचा आयकर न धरता. सगळं मिळून परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्याही आत पडतो.

हाच फ्लॅट ५५ लाखांना मिळाला आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर परतावा साडेसहा टक्क्यांच्या जवळ जातो. ५ लाखांची घासाघीस आणि भाव दरवर्षी ६ ऐवजी ८ टक्क्यांनी वाढणं, या दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच येतो. बाजारभाव आपल्या हातात नसतो, खरेदीची किंमत बऱ्यापैकी असते. म्हणून ‘एरिया वाढणार आहे’, ‘मेट्रो येतेय’, ‘रिंगरोड होतोय’ या गप्पांपेक्षा आज किती कमी किमतीत मिळतोय याला वजन द्या. मेट्रोची बातमी विक्रेत्यानेही वाचलेली असते आणि त्याने ती किमतीत आधीच धरलेली असते.

कर्जाचं उत्तरही यातच आहे. मालमत्ता स्वतः पाच-साडेसहा टक्के देत असेल आणि घरकर्ज त्याहून महाग असेल, तर जितकं कर्ज जास्त तितका परतावा कमी. राहण्यासाठी घर घेताना कर्ज वेगळ्या कारणाने काढतात. गुंतवणुकीत ते भाव वेगाने वाढला तरच उपयोगी पडतं. हातातले पैसे पूर्ण अडकू नयेत म्हणून थोडं काढायचं असेल तर हे लक्षात ठेवा: ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या मूल्यात धरत नाहीत. तो खिशातूनच जातो.

दुसरी गोष्ट माझ्या मते किमतीइतकीच महत्त्वाची आहे. पाच वर्षांनी तुमचा फ्लॅट घेणारा माणूस बहुधा नोकरदार असेल आणि घरकर्ज काढूनच येईल. त्यामुळे फ्लॅट तुम्हाला आवडतो की नाही हा प्रश्न गौण आहे. बँकेच्या पॅनेलवरचा वकील आणि व्हॅल्युअर तो पास करतील का, हा खरा प्रश्न. रोखीने घेणारा गुंतवणूकदार इथेच चुकतो. त्याला स्वतःला बँक लागत नाही, म्हणून भोगवटा पत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी) नसलेला, गुंठेवारीतला (मंजुरीविना तुकडे पाडलेल्या जमिनीवरचा), नाहीतर टेरेस बंद करून खोली काढलेला फ्लॅट ‘स्वस्तात’ घेतो, आणि विकायला काढल्यावर एकेक ग्राहक कर्ज नामंजूर झालं म्हणून परत जातो. शेवटी उरतात फक्त रोखीवाले, आणि ते तुमच्यासारखीच घासाघीस करतात. हातात पूर्ण पैसे असले तरी एखाद्या मोठ्या बँकेत छोट्या कर्जाचा अर्ज करून कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकन करून घेणं फायद्याचं ठरतं. काही हजार रुपये फी जाते, पण तुमच्या पुढच्या ग्राहकाला काय ऐकावं लागेल ते आजच कळतं. स्वतःचा स्वतंत्र वकील मात्र तरीही लागतोच, कारण बँकेचा वकील बँकेचं हित बघतो.

खरा भाव कसा काढायचा

पोर्टलवरचे भाव म्हणजे विक्रेत्यांच्या अपेक्षा. प्रत्यक्षात कितीला व्यवहार झाले ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये सापडतं. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकला की नोंदलेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येकाची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपल्या बोलीत इंडेक्स टू, उघडता येते. गेल्या दोन-तीन वर्षांतले त्याच इमारतीतले, किमान त्याच सर्व्हे नंबरमधले, चार-पाच दस्त काढा.

इंडेक्स टू वाचायची एक पद्धत आहे. पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार असतो: साठेखत (विक्रीचा करार), खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त), बक्षीसपत्र, हक्कसोड. बक्षीसपत्रातला आकडा भावासाठी निरुपयोगी. दुसऱ्यात मोबदला आणि तिसऱ्यात बाजारभाव, म्हणजे रेडी रेकनर या सरकारी दरतक्त्याप्रमाणे निघालेलं मूल्य. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसले तर खरा व्यवहार जास्तीचा असू शकतो, तो आकडा जपून घ्या. चौथ्या रकान्यात मिळकतीचं वर्णन असतं आणि तो लोक घाईत सोडतात. फ्लॅट, मजला, विंग, लगतची गच्ची, पार्किंग हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. विक्रेता ‘कव्हर्ड पार्किंगसह’ म्हणतोय आणि वर्णनात पार्किंगचा उल्लेख नाही, असं वारंवार दिसतं. पाचव्या रकान्यातलं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. ते कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप (भिंती धरून) हे वर्णनाशी ताडून बघा, आणि मग सगळ्या दस्तांचा दर प्रति चौरस फूट कार्पेट अशा एकाच मापात आणा. ‘सेलेबल’ फुटांत तुलना केली तर फसाल, कारण लोडिंग, म्हणजे सामायिक जागेपोटी कार्पेटवर चढवलेले फूट, प्रत्येक बिल्डरचं वेगळं.

किंमत पाडून घ्यायलाही एक तळ आहे. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यांतल्या जास्त आकड्यावर लागतं. शिवाय आयकरात १० टक्क्यांपर्यंतची तफावत चालते, त्यापुढे नाही. समजा तुम्ही ५५ लाखांना घेतला आणि रेकनरचं मूल्य ६२ लाख निघालं. फरक ७ लाखांचा, आणि ५५ लाखांचे १० टक्के साडेपाच लाख. मर्यादा ओलांडली, म्हणून पूर्ण ७ लाख तुमचं इतर उत्पन्न धरून त्यावर तुमच्या स्लॅबने कर लागेल, आणि तिकडे विक्रेत्याचा नफाही ६२ लाखांवर मोजला जाईल. म्हणून बोलणी सुरू करण्याआधी वकिलाकडून किंवा दस्त करणाऱ्याकडून त्या फ्लॅटचं मूल्यांकन काढून घ्या. जुन्या बांधकामाला घसारा मिळतो, वरच्या मजल्यांना वाढीव दर लागतो, त्यामुळे नुसत्या तक्त्यातला दर गुणून आलेला आकडा बरोबर असेलच असं नाही. हे तक्ते १ एप्रिलला बदलू शकतात. मार्चअखेरचा व्यवहार एप्रिलमध्ये ढकलायच्या आधी हे लक्षात घ्या.

काही रक्कम रोख द्या, असं सुचवलं गेलं तर नैतिकता बाजूला ठेवूनही हिशेब बघा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून अधिक रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तुम्ही रोख दिलेले ८ लाख तुमच्या खरेदी किमतीत कधीच दिसत नाहीत, म्हणजे विकताना त्या ८ लाखांवर नफा झाला असं धरून तुम्हीच कर भरता. कर विक्रेत्याने वाचवला, भरायला तुम्ही.

कागद

मूळ साखळी मागा: बिल्डरशी झालेला पहिला नोंदणीकृत करार, नोंदणी पावती, इंडेक्स टू, आणि नंतर फ्लॅट जितक्यांदा विकला गेला तितक्या वेळचे हेच तीन कागद. सगळे मूळ प्रतीत. मधला एखादा मूळ दस्त हरवला असेल तर पोलिसांतली तक्रार, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडची प्रमाणित नक्कल ही तिन्ही कामं विक्रेत्याकडूनच व्यवहाराआधी करून घ्या. हरवलेला दस्त कधी कधी एखाद्या पतसंस्थेत तारण पडलेला असतो, म्हणून हे वरवर घेऊ नका. ई-सर्चमध्ये ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ दिसली तर त्या फ्लॅटवर कधीतरी मूळ दस्त ठेवून कर्ज काढलं होतं, एवढं नक्की. ते फिटल्याचं बँकेचं पत्र हवं. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि फेरफारांसकट.

पुण्यात एक गोष्ट बाहेरून आलेल्या गुंतवणूकदाराला हमखास चकवते. इथल्या बऱ्याच इमारती सहकारी सोसायटी नसून १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली अपार्टमेंट म्हणून नोंदलेल्या आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं. बिल्डरचं घोषणापत्र म्हणजे डिक्लरेशन आणि प्रत्येक फ्लॅटधारकाच्या नावाचं डीड ऑफ अपार्टमेंट, हा मालकीचा कागद. अनेकांनी बिल्डरकडून साठेखत केलं, ताबा घेतला, आणि डीड ऑफ अपार्टमेंट करायचं राहूनच गेलं. असा विक्रेता तुम्हाला अर्धवट हक्क विकत असतो. आधी त्याच्या नावे डीड होऊ द्या, नाहीतर बिल्डरला संमती देणारा म्हणून दस्तात घ्या. बिल्डर सापडत नसेल तर तो फ्लॅट सोडा.

सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट विक्रेत्याच्या नावावर आहे का, थकबाकी किती, सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण (मालकी नावावर होणं) किंवा मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने न केल्यास सरकारी आदेशाने होणारं) झालंय का, एवढं बघा. पुढे पुनर्विकासाची आशा धरून घेत असाल तर शेवटचा मुद्दा कळीचा. ‘आमच्याकडे ट्रान्सफरला दोन लाख घेतात’ असं कमिटी सांगत असेल, तर महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे आणि ती ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ठरलेली आहे. ५०० रुपये हस्तांतर फी आणि १०० रुपये प्रवेश फी वेगळी. ‘स्वेच्छा देणगी’ या नावाखाली वर काढायचा प्रयत्न होतो. तेव्हा लेखी मागणीपत्र द्या म्हणायचं, बहुतेक वेळा विषय तिथेच थांबतो.

पार्किंगबद्दल: स्टिल्ट किंवा मोकळं पार्किंग बिल्डरला स्वतंत्र फ्लॅटसारखं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय. सोसायटी असेल तर तिचं वाटपपत्र किंवा सभेचा ठराव मागा. कार ठेवायला जागा नसलेला टू बीएचके पुण्यात विकायला फार वेळ घेतो.

मालक वारला असेल तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे ध्यानात ठेवा. सगळ्या वारसांनी दस्तात सही केली पाहिजे किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेलं पाहिजे. ‘बहिणीने तोंडी सोडलंय’ यावर एक रुपयाही पुढे सरकवू नका. कुलमुखत्यारपत्रावर विक्री होत असेल तर ते नोंदणीकृत आहे का, त्यात विक्रीचा स्पष्ट अधिकार आहे का आणि देणारा आज हयात आहे का, हे मुखत्याराला नव्हे, थेट देणाऱ्याला बोलून तपासा. देणारा गेला की साधं मुखत्यारपत्रही संपतं.

भोगवटा पत्राची प्रत इमारतीची नको, तुमच्या मजल्याची हवी. पुण्यात अंशतः भोगवटा पत्र मिळालेल्या इमारती आहेत. वरचे एक-दोन मजले त्यात नसतात आणि नेमके तेच फ्लॅट बाजारात स्वस्त असतात. मंजूर नकाशा घेऊन फ्लॅटमध्ये उभे राहा आणि भिंती मोजा. बाल्कनी आत घेतलेली चालून जाते असं म्हणतात, पण व्हॅल्युअर ते क्षेत्र मूल्यात धरेलच असं नाही, आणि तुम्ही मात्र त्याचे पैसे दिलेले असतात.

पाण्याची चौकशी मार्च ते मे या काळात करा. मेंटेनन्सच्या बिलात टँकरचा खर्च वेगळा दाखवलेला असतो. मागच्या उन्हाळ्याची तीन बिलं मागा. भाडेकरू पाण्यावरून सोडून जातो आणि रिकामा महिना तुमच्या परताव्यातून कापला जातो.

पैसे कुठल्या क्रमाने द्यायचे

टोकन चेकने किंवा ऑनलाइन द्या, लहान ठेवा, आणि विसार पावतीत चार गोष्टी लिहून घ्या: एकूण किंमत आणि त्यात काय काय आलं (पार्किंग, फर्निचर, डिपॉझिट), किती दिवसांत साठेखत, हक्क निर्वेध न निघाल्यास टोकन पूर्ण परत, आणि विक्रेत्याने माघार घेतल्यास काय. जाहीर नोटीस तुमच्या वकिलाच्या नावाने द्या. पंधरा दिवसांत हरकत येते की नाही ते बघून मगच मोठी रक्कम हलवा.

विक्रेत्याचं कर्ज शिल्लक असेल, आणि ते बहुधा असतंच, तर क्रम चुकवू नका. समजा त्याचे २२ लाख देणं बाकी आहे. त्याने बँकेकडून दोन कागद आणायचे: फोरक्लोजर स्टेटमेंट (कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील त्याचा हिशेब) आणि बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी. स्टेटमेंटची मुदत मर्यादित असते आणि त्यापुढे रोजचं व्याज चढतं, म्हणून ते आधी काढून उपयोग नाही. साठेखत पूर्ण मुद्रांकासह नोंदवा, आणि मग २२ लाखांचा धनादेश विक्रेत्याच्या नावाने नव्हे, बँकेच्या नावाने कर्ज खाते क्रमांक लिहून द्या. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत देण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून घातलंय, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. तरी तुमच्याकडून चार-पाच लाखांचा शेवटचा हप्ता मूळ कागद आणि ‘नो ड्यूज’ हातात येईपर्यंत अडवून ठेवा. यादीतला एकेक कागद टिकमार्क करत ताब्यात घ्या. नंतर खरेदीखत नाममात्र मुद्रांकावर होतं, कारण शुल्क साठेखतावर भरलेलं असतं. मात्र साठेखतातलंच नाव खरेदीखतात हवं. मध्येच ‘मुलाचंही नाव टाकू’ म्हटलं की नवा व्यवहार समजून शुल्क मागितलं जाऊ शकतं.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्यामुळे १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या पैशांतून कापून सरकारला भरायचा कर) तुम्ही कापायचा आहे. ६० लाखांना ६०,००० रुपये, प्रत्येक हप्त्यातून त्या प्रमाणात. दोन विक्रेते आणि दोन खरेदीदार असले तरी मर्यादा एकूण किमतीला लागते. ‘माझा वाटा तीसच लाखांचा’ ही पळवाट ऑक्टोबर २०२४ पासून बंद आहे. ज्या महिन्यात कापला तो संपल्यावर ३० दिवसांत भरायचा. भरण्याआधी विक्रेत्याचं पॅन आधारशी जोडलेलं आणि चालू आहे याची खात्री करा. निष्क्रिय पॅनवर १ ऐवजी २० टक्के दर लागतो आणि फरकाची नोटीस विक्रेत्याला नाही, तुम्हाला येते. विक्रेता परदेशात राहणारा असेल तर हा १ टक्क्याचा नियमच लागू होत नाही. अनिवासी विक्रेत्याला बराच जास्त टीडीएस कापावा लागतो, आणि तो कमी करायचा असेल तर त्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणायचं असतं. ‘मी इथलाच आहे हो, फक्त नोकरीला दुबईत’ हे वाक्य ऐकलं की थांबून सीएला विचारा.

बायकोच्या एकटीच्या नावावर घेतल्यास मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, इथे ६०,००० रुपये. पैसे तुमचे आणि नाव तिचं असेल तर भाडं आणि नफा आयकरात तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. तरीही सवलत घ्यायला हरकत नाही, फक्त कर वाचेल असं समजू नका.

ठेवताना

लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकावर आहे. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते, शहरात नोंदणी फी १,००० रुपये. नोटरी केलेल्या करारावर विसंबू नका: वाद झाला की भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या. सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून) लावते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. आणि पुणे महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याने दिलेल्या फ्लॅटला नाही. जुन्या मालकाचं बिल बघून हिशेब केला असेल तर तो चुकेल.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेऊन मध्येच विकण्याचा पर्याय बरेच जण विचारतात. पुण्यात ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला जीएसटी १ टक्का, त्याहून महाग किंवा मोठ्या घराला ५ टक्के, आणि तो परत मिळत नाही. बिल्डर करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट तीन वर्षांच्या आत पुढे विकला तर पहिल्या करारावरचं मुद्रांक शुल्क पुढच्या व्यवहारात समायोजित होण्याची सोय आहे, पण करारात गुंतवणूकदार म्हणून तशी नोंद हवी. अडचण अशी की तुम्ही विकायला काढता तेव्हा त्याच इमारतीत बिल्डरकडे न विकलेले फ्लॅट असतात, आणि तो त्यावर ऑफर देऊ शकतो. माझा कल रिसेलकडे आहे तो यामुळे.

विकताना

२४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या स्लॅबमध्ये जातो. त्यानंतर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेला निवासी व्यक्ती इंडेक्सेशनसह (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून) २० टक्के हा जुना हिशेबही लावून कमी पडेल तो कर भरू शकतात. नव्या खरेदीला ती सोय नाही. वर्षाला दोन-तीन फ्लॅट घेऊन विकू लागलात तर खातं त्याला धंदा म्हणू शकतं. मग १२.५ टक्केही नाही आणि घर घेऊन मिळणारी सूटही नाही.

विक्रीच्या तीन महिने आधी फाइल तयार करा: सगळे दस्त, भोगवटा पत्र, मंजूर नकाशा, चालू मिळकतकर पावती, वीजबिल तुमच्या नावावर, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. ही झेरॉक्स फाइल पहिल्या गंभीर ग्राहकाच्या हातात त्याच दिवशी देता आली, तर त्याचं कर्ज लवकर होतं आणि मधल्या काळात त्याचं मन बदलायला वेळ मिळत नाही. भाडेकरूचा करार विक्रीच्या सुमारास संपेल असा बेतून करा. राहणारा ग्राहक भाडेकरूसकट फ्लॅट घेत नाही, आणि घेणारा गुंतवणूकदार असला तर वर दिलेला हिशेब त्यालाही येत असतो.

किंमत ठरवताना पुन्हा इंडेक्स टू काढा, पहिल्या तीन आठवड्यांत बघायला येणाऱ्यांची संख्या बघा. लोक येतात पण ऑफर देत नाहीत तर भाव जास्त आहे. लोक येतच नाहीत तर भाव फारच जास्त आहे किंवा दलालाने नीट फिरवलेला नाही. ग्राहकाची बँक तुमच्या करारातल्या आकड्यापेक्षा कमी मूल्यांकन काढू शकते, तेव्हा फरक तो स्वतः भरणार का हे टोकन घेतानाच विचारा.

नफ्यावरचा कर टाळायचा असेल तर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत दुसरं घर घेता येतं, बांधायचं असेल तर तीन वर्षं. नाहीतर सहा महिन्यांच्या आत पाच वर्षांच्या मुदतीच्या ठराविक सरकारी बाँडमध्ये जास्तीत जास्त ५० लाख गुंतवता येतात. घर घ्यायचं ठरलंय पण विवरणपत्राची मुदत आली, तर पैसे बचत खात्यात ठेवून चालत नाही. मुदतीआधी बँकेत भांडवली नफा योजनेचं खातं उघडून त्यात भरावे लागतात. चौदा-पंधरा लाखांच्या नफ्यावर दोन लाखांच्या आतला कर येत असेल, तर तो भरून मोकळं होणं बऱ्याचदा जास्त शहाणपणाचं. केवळ कर वाचवायला घाईने घेतलेल्या दुसऱ्या फ्लॅटला पुन्हा ते १३ टक्के लागतात.